आय५-८४०० की रायझन ५ २६००? आधी खालचा बोर्ड बघ

प्रश्न असा आला आहे: "दादा, मी कराडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मावसभावाने त्याचं जुनं जीटीएक्स १६६० सुपर कार्ड मला दिलंय, बाकीचं मशीन सेकंडहँड जमवतोय. दोन कॉम्बो समोर आहेत. एकात इंटेलचा कोअर आय५-८४०० प्रोसेसर, एच३१० मदरबोर्ड आणि ८ जीबीची एक रॅम. दुसऱ्यात एएमडीचा रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड आणि ३००० मेगाहर्ट्झच्या ८-८ जीबीच्या दोन रॅम. दुसरा अडीच हजारांनी महाग आहे. मॉनिटर १०८०पी, ७५ हर्ट्झचा. व्हॅलोरंट रोज खेळतो, जीटीए ५ अधूनमधून, आणि सायबरपंक खेळायची फार इच्छा आहे. कॉलेजसाठी अँड्रॉइड स्टुडिओही लागतो. व्हिडिओंमध्ये आय५ पुढे दिसतो. काय घेऊ?"

दुसरा घे, अडीच हजार जास्त गेले तरी. पण त्यामागचं कारण नीट समजून घे. उद्या विकणाऱ्याने बोर्ड बदलला किंवा दोनाऐवजी एकच रॅम दिली, तर माझं उत्तरही बदलेल, आणि ते तुला तिथं उभं राहून स्वतः ठरवता आलं पाहिजे.

तू पाहिलेले व्हिडिओ खोटे नाहीत. आय५-८४०० ऑक्टोबर २०१७ मध्ये आला. तोवर डेस्कटॉपच्या आय५ मध्ये चारच कोअर, म्हणजे काम करणारे भाग, असायचे, या पिढीत पहिल्यांदा सहा झाले. रायझन ५ २६०० एप्रिल २०१८ चा. किंमत एकाची १८२ डॉलर, दुसऱ्याची १९९. म्हणजे सुरुवातीपासूनच दोघे एकमेकांच्या समोर उभे होते, आणि त्या वेळच्या खेळांमध्ये तगडं ग्राफिक्स कार्ड लावून मोजलं की सरासरी एफपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांत, आय५ थोडा पुढे निघायचा. आजही व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ मध्ये तो पुढे निघेल. कागदावर बघितलं तर हे पटत नाही, कारण आय५ चा मूळ वेग २.८ गिगाहर्ट्झ आणि रायझनचा ३.४. पण २.८ हा आकडा मनावर घेऊ नकोस. सहाही कोअर कामाला लागले तरी हा आय५ ३.८ वर चालतो, एकच कोअर लागला तर ४.० वर. रायझन जास्तीत जास्त ३.९ ला पोहोचतो आणि सगळे कोअर लागले की त्याच्या खाली येतो.

वेगाइतकाच फरक घराच्या रचनेचा आहे. इंटेलचे सहा कोअर एका चौकाभोवती राहणाऱ्या सहा बिऱ्हाडांसारखे आहेत. मधे ९ एमबीची सामाईक कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, कुणीही उठून तिथून माल उचलावा. २६०० मध्ये दोन चाळी आहेत. प्रत्येकीत तीन कोअर आणि त्यांची आपली ८ एमबी कॅश. बेरीज १६ एमबी होते, पण या चाळीतल्या कोअरला त्या चाळीतली वस्तू हवी असली की मधला रस्ता ओलांडावा लागतो. खेळ हे असं काम आहे की त्यात इकडची माहिती तिकडे सारखी लागते: गोळी कुठे गेली, समोरचा कुठे वळला, कुठला आवाज वाजवायचा. तो रस्ता ओलांडण्यात रायझनचे नॅनोसेकंद जातात. रॅमपर्यंत पोहोचायलाही त्याला इंटेलपेक्षा जास्त वेळ लागतो.

आता या रस्त्याची मेख. त्याचा वेग रॅमच्या वेगाशी बांधलेला आहे. रॅम ३००० वर चालली तर रस्ता १५०० मेगाहर्ट्झवर चालतो. रॅम २१३३ वर राहिली तर तो १०६७ च्या आसपास येतो. आणि सेकंडहँड बाजारातल्या अर्ध्याअधिक रायझन मशीन २१३३ वर किंवा २४०० वरच चाललेल्या मला दिसतात, कारण रॅम ३००० ची असली तरी बायॉसमध्ये (बोर्डाच्या आतल्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन तिला छापील वेगाने चालवणारी एक्सएमपी सेटिंग कुणी चालूच केलेली नसते. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा मशीन घेऊन आला होता. तक्रार अशी की मित्राच्या तशाच मशीनवर खेळ चांगला चालतो, माझ्यावर नाही. टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेलो. तिथे उजवीकडे खाली दोन ओळी असतात. एकीत वेग २१३३, दुसरीत स्लॉट ४ पैकी १. रॅम दोन होत्या, पण दुसरी ड्रॉवरमध्ये पडली होती, कारण ती लावली की मशीन सुरूच होत नव्हतं. प्रोसेसर काढून भिंगाखाली धरला तेव्हा कोपऱ्याजवळच्या दोन पिना आडव्या झालेल्या दिसल्या. एएम४ च्या, म्हणजे या रायझनच्या सॉकेटच्या, प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात आणि त्यातल्या काही थेट रॅमच्या एकेका चॅनेलच्या असतात. शिसं काढून घेतलेलं मेकॅनिकल पेन्सिलीचं टोक त्या पिनांवर हलकेच बसवून, एका वेळी केसभर असं करत त्या सरळ केल्या. अर्धा तास लागला. मग मशीनने दोन्ही रॅम घेतल्या, एक्सएमपी चालू केलं, आणि मुलाने तिथंच बसून खेळून बघितलं. प्रोसेसर तोच, कार्ड तेच.

म्हणून २६०० घ्यायचा तर जोडीची रॅम आणि एक्सएमपी यात तडजोड नको. आय५ लाही एकच रॅम मारकच आहे. २६६६ ची एक रॅम सेकंदाला साधारण २१ जीबी माहिती पुरवते, दोन असल्या तर ४२ च्या पुढे. तुझ्या पहिल्या कॉम्बोत नेमकी एकच आहे. शिवाय ८ जीबी आता पुरत नाही. २.० च्या अपडेटनंतर सायबरपंकची किमान गरजच १२ जीबी रॅम आणि एसएसडी झाली. अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसकट (पडद्यावरचा नकली फोन) उघडलास की ८ जीबीत मशीन रडेल. म्हणजे पहिला कॉम्बो घेतलास तर महिन्याभरात दुसरी रॅम घ्यावी लागेलच, आणि ते अडीच हजारांचं अंतर तिथंच बरंचसं भरून निघेल. दोन कॉम्बोंची किंमत अशी सारखी करून मगच तुलना करायची. नुसत्या प्रोसेसरची किंमत विचारून काही कळत नाही.

आता थ्रेड, म्हणजे प्रोसेसर एका वेळी हाती घेऊ शकतो ती कामं. आय५ चे सहा कोअर म्हणजे सहाच थ्रेड. रायझनचे सहा कोअर, बारा थ्रेड. २०१८ मध्ये मी स्वतः लोकांना सांगत होतो की खेळासाठी सहा पुष्कळ आहेत, आणि तेव्हा ते बरोबर होतं. मग खेळ बदलले. बॅटलफील्ड ५ चा ६४ जणांचा सामना किंवा असॅसिन्स क्रीड ओडिसीमधलं अथेन्स, अशा ठिकाणी आय५ चे सहाही थ्रेड काठोकाठ भरलेले दिसायला लागले. आणि सायबरपंकने तर २.० मध्ये किमान प्रोसेसर म्हणून आय७-६७०० आणि रायझन ५ १६०० ही नावं दिली. आय७-६७०० चार कोअर, आठ थ्रेड. १६०० सहा कोअर, बारा थ्रेड. दोन्ही नावांत थ्रेड सहापेक्षा जास्त आहेत हे बघ. याचा अर्थ आय५-८४०० वर सायबरपंक चालत नाही असा नाही. चालतो, आणि सरासरी आकडाही वाईट येत नाही. पण सरासरी आकडा काय लपवतो ते सांगतो.

६० एफपीएस म्हणजे एक चित्र १६.७ मिलिसेकंदांत तयार होणं. एका सेकंदात ५९ चित्रं वेळेत आली आणि एकाला ५० मिलिसेकंद लागले, तरी सरासरीवर फारसा परिणाम होत नाही. तुझ्या हाताला मात्र तो हिसका लगेच कळतो. गाडी वळवताना रस्ता क्षणभर गोठतो आणि गाडी फुटपाथवर असते. म्हणून मी सरासरी बघत नाही, १ टक्का लो बघतो, म्हणजे सगळ्यात हळू आलेल्या एक टक्का चित्रांचा एफपीएस. आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर आणि त्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर लावलं की फ्रेमटाइमची, म्हणजे एकेका चित्राला लागलेल्या वेळेची, रेघ पडद्यावर दिसते. तीच जागा, तेच कार्ड, गर्दीच्या बाजारातून चालत जायचं. आय५ ची रेघ खालच्या बाजूला सुंदर सपाट असते आणि मधूनच एक उंच सुळका मारते. २६०० ची रेघ किंचित वर असते, पण ती तिथंच राहते. मागे डिस्कॉर्ड चालू आहे, ब्राउझरमध्ये आठ टॅब आहेत आणि विंडोज अपडेट उतरवतंय, अशा खऱ्या आयुष्यातल्या मशीनवर हे आणखी ठळक होतं. सहाही थ्रेड खेळाने घेतले की बाकीच्यांना जागा खेळाकडूनच मागावी लागते.

आय५ च घेतलास किंवा कुणाकडे आधीच असेल, तर त्याच्यावर इलाज आहे. तुझा मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे, तेव्हा एफपीएस ७२ वर बांधून टाक. प्रोसेसर जीव तोडून ११० चित्रं काढण्याऐवजी ७२ काढतो आणि त्याच्याकडे श्वास घ्यायला जागा उरते. सुळके बरेच कमी होतात. जीटीए ५ ला याचा फार फायदा होतो. सायबरपंकमध्ये गेमप्लेच्या सेटिंगमध्ये गर्दीची घनता आहे, ती एक पायरी खाली आण. तो भार प्रोसेसरचा आहे, कार्डाचा नाही.

तसंही १६६० सुपरवर सायबरपंक खेळताना आधी कार्डच थकेल, त्यामुळे दोन्ही प्रोसेसरचा सरासरी आकडा तुला जवळजवळ सारखाच दिसेल. फरक हिसक्यांतच राहील. व्हॅलोरंटमध्ये आय५ चे आकडे जास्त येतील, पण दोन्हीही ७५ च्या कितीतरी पुढे असतील आणि तुझा मॉनिटर त्यातले ७५ च दाखवणार आहे. तुझ्याकडे १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर असता आणि तू फक्त व्हॅलोरंट खेळणारा असतास, तर मी आय५ कडे झुकलो असतो. अँड्रॉइड स्टुडिओच्या बिल्डला मात्र बारा थ्रेड सरळ कामी येतात.

आता बोर्ड. मला खरं यावरच बोलायचं होतं, कारण लोकांचे पैसे इथे बुडतात.

आय५-८४०० चं सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, एलजीए ११५१. सहाव्या आणि सातव्या पिढीचं सॉकेटही एलजीए ११५१. प्रोसेसर एच११० किंवा बी२५० च्या बोर्डात अगदी व्यवस्थित बसतो, खटका लागतो, पंखा फिरतो आणि पडद्यावर काहीही येत नाही. आठव्या पिढीला ३०० मालिकेचाच चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप, तिच्यावरूनच बोर्डाचं नाव पडतं) लागतो: एच३१०, बी३६०, बी३६५, एच३७०, झेड३७०, झेड३९०. तेव्हा "११५१ चा बोर्ड आहे, चालतो" हे वाक्य पुरेसं नाही, चिपसेटचं नाव बोर्डावर छापलेलं वाचायचं. तुझ्या कॉम्बोतला एच३१० चालेल, पण तो त्या घराण्यातला सगळ्यात धाकटा. रॅमच्या दोनच जागा, रॅमचा वेग २६६६ च्या पुढे नाही, चिपसेटच्या लेन, म्हणजे बाकीच्या भागांना जोडणारे मार्ग, जुन्या पीसीआयई २.० च्या. पुढे त्याच्यावर काय चढवशील? आय७-८७०० किंवा नवव्या पिढीतला आय७-९७००. ते प्रोसेसर आहेत चांगले, पण त्या सॉकेटवर वर जायचे तेवढेच मार्ग असल्यामुळे जुन्या बाजारात त्यांचे मालक भाव सोडत नाहीत. वर एच३१० च्या स्वस्त बोर्डांवर वीज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंकही नसतो. आठ कोअर तिथे घामाघूम होतात.

बी४५० ची गोष्ट वेगळी आहे. आज त्यावर २६०० चालतो, आणि दोन वर्षांनी हातात पैसे आले की त्याच बोर्डावर, त्याच रॅमवर रायझन ५ ५६०० बसतो. २०२२ चा हा प्रोसेसर. त्यात दोन चाळींची भानगड संपलेली आहे, सहाही कोअर एकाच चौकात आणि मधे ३२ एमबी कॅश. खेळात २६०० आणि ५६०० मधलं अंतर कुठलंही मोजमाप न लावता डोळ्यांना दिसतं. कॅशचा थर चढवलेला रायझन ७ ५७००एक्स३डी कुठे वापरलेला मिळाला तर त्याच्याही पुढे, त्यात ९६ एमबी कॅश आहे. एवढंच लक्षात ठेव की बायॉस नवीन करण्याचं काम जुना प्रोसेसर बोर्डात असतानाच करायचं, नंतर नाही. काही बोर्डांवर बायॉसची चिप लहान असते आणि नव्या बायॉसमध्ये काही जुन्या प्रोसेसरचा आधार काढलेला असतो, म्हणून आपल्या बोर्डाच्या पानावरची सूचना आधी पूर्ण वाच. आणि कुणी "त्यापेक्षा बी५५० घे" म्हणालं तर २६०० सोबत घेऊ नकोस, बी५५० वर २००० मालिकेच्या या प्रोसेसरला अधिकृत आधार नाही.

तुझा अडीच हजारांचा हिशोब इथे पूर्ण होतो. थोडे पैसे दुसऱ्या रॅमचे, बाकीचे ५६०० पर्यंतच्या वाटेचे.

आय५ ची एक बाजू मात्र मी कमी लेखणार नाही. त्याच्यात यूएचडी ६३० ग्राफिक्स आतच आहे. ग्राफिक्स कार्ड बिघडलं तरी मशीन चालू राहतं, असाइनमेंट अडत नाही. २६०० ला कार्डाशिवाय पडद्यावर काही येतच नाही. तुझं कार्ड जुनं आहे, त्यामुळे हा विचार कर. अजून कार्ड घेतलेलंच नाही अशा मुलांना मी बऱ्याचदा आय५ च घ्यायला लावतो.

विंडोज ११ बाबत दोघेही वाचले आहेत, पण काठावर. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि रायझनची २००० मालिका ही खालची पायरी आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे स्वस्त मिळतो म्हणून रायझन ५ १६०० किंवा सातव्या पिढीचा आय७ घेऊ नकोस. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सेटिंग चालू लागतात. जुन्या बायॉसमध्ये त्या बहुधा बंद असतात. एएमडीच्या बोर्डावर टीपीएम एफटीपीएम या नावाने सापडेल, इंटेलच्या बोर्डावर पीटीटी. रायझनवर एफटीपीएम चालू केल्यावर मशीन मधूनच क्षणभर अडखळायची एक खोड होती, एएमडीने २०२२ मध्ये ती मान्य केली आणि नव्या बायॉसने ती गेली. म्हणून घेतल्याबरोबर बी४५० चं बायॉस नवीन कर.

बघायला जाशील तेव्हा दिवसाउजेडी जा, आणि ऑनलाइन पैसे आधी पाठवू नकोस. जाहिरातीत नुसतं "२६०० प्रोसेसर" लिहिलेलं असलं तर पूर्ण नाव विचार. २०११ चा इंटेल आय७-२६०० सुद्धा २६०० च आहे: चार कोअर, डीडीआर३ रॅम. एका मुलाने पुण्याहून बसने येऊन तो घेतला होता, आणि विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत. मशीन चालू करून सीपीयू-झेड हे माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघड आणि नाव वाच. दोन्ही रॅम मिळून १६ जीबी दिसतेय का, चॅनेलच्या ठिकाणी ड्युअल किंवा २ x ६४-बिट लिहिलंय का ते बघ. वीस मिनिटं सगळ्या कोअरवर भार टाक. आय५ चा वेग ३.८ च्या आसपास टिकला पाहिजे. तो ३ च्या जवळ घसरत असेल तर बोर्ड वीज कमी देतोय किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. इंटेलच्या सोबतच्या हीटसिंकचे चार पांढरे-काळे खटके जुने होऊन तुटतात, चारही बोर्डाच्या मागे पूर्ण बाहेर आलेत का ते बोट लावून बघ.

२६०० चा पंखा काढायचा झाला तर मशीन आधी दहा मिनिटं भाराखाली चालव, म्हणजे थर्मल पेस्ट मऊ होते. मग बंद करून, प्लग काढून, स्क्रू सोडून, पंखा सरळ वर न ओढता हलकेच डावी-उजवीकडे फिरव. थंड असताना सरळ ओढला तर लिव्हर लावलेली असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून पंख्यालाच चिकटून वर येतो, आणि पिना तिथेच वाकतात. विकणारा तुझ्यासमोर असं ओढायला लागला तर त्याला थांबव. चारही स्क्रू सुटले की मागची पट्टी खाली पडते, एक हात मागे धरून ठेव.

आणि विकणारा शेवटच्या क्षणी "बी४५० गेला, त्याच भावात ए३२० देतो" म्हणाला, तर तो त्याच सॉकेटचा पण खालच्या पायरीचा बोर्ड आहे, भाव हजारभर तरी खाली आणायला सांग. तो तयार नसेल आणि आय५ वाल्याकडे दुसरी ८ जीबी रॅम घालून हिशोब जमत असेल, तर आय५ घे. एफपीएस ७२ वर बांध आणि आनंदाने खेळ. बोर्डाचा मॉडेल नंबर पाठवलास तर त्यावर ५६०० साठी कुठलं बायॉस लागेल ते मी बघून सांगतो.